साउथ फोर्कवर तीन दिवस

आदली संध्याकाळ

दादाने गॅरेजमध्ये मांडून ठेवलेलं सामान मी आधी नीट बघून घेतलं. सहा रॉड. आमिषांचे नऊ डबे. पाण्याखालचा मासा पडद्यावर दाखवणारा फिशफाइंडर आणि त्याची बॅटरी. घडीचा अँकर, त्याला पन्नास फूट दोरी. आणि ह्या सगळ्याखाली त्याची पायडलची कायाक, म्हणजे एका माणसाची अरुंद होडी, सामानाशिवायच सव्वाशे पौंडांच्या घरात जाणारी. दादा माझा मामेभाऊ. पोटोमॅक नदीच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात लार्जमाउथ बास मासा धरण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. तिथे ही कायाक म्हणजे राणी. पाय चालवत राहायचं, हात मोकळे, वारा कुठूनही येवो.

पण आम्ही मासे धरायला निघालो होतो व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ नदीच्या साउथ फोर्क ह्या शाखेवर, तेही सप्टेंबरअखेर, पाणी वर्षातलं जवळजवळ सगळ्यात कमी असताना. मी म्हटलं, "दादा, प्रत्येक वस्तू हातात घे आणि दोनच प्रश्न विचार. हिच्यासकट कायाक खडकावरून ओढता येईल का? आणि धारेत उलटलो तर ही माझ्या पायात अडकेल का?"

"मग निम्मं सामान इथेच राहील," तो म्हणाला.

निम्मं नाही, पण चार रॉडपर्यंत तो खाली आला. फिशफाइंडर गॅरेजमध्येच राहिला, कारण गुडघाभर पाण्यात मासा डोळ्यांनी दिसतो. अँकर मात्र त्याने सोडला नाही, आणि तो थोरला म्हणून मीही जास्त ताणलं नाही.

माझं सामान सांगतो, कारण ह्या निवडीला मला पाच-सहा वर्षं लागली. कायाक साडेदहा फुटांची, वर बसायची, पासष्ट पौंडांची. दहा फुटांपेक्षा आखूड असली तर संथ डोहात जीव काढते आणि बारा फुटांपेक्षा लांब असली तर खडकांमधून वळत नाही. तळ रुंद आणि सपाट, पाणी निघून जायला भोकं, आणि वर गुळगुळीत. धारेच्या नदीत कायाकवर जेवढ्या खुंट्या, हुक आणि दोऱ्या कमी, तेवढं बरं. वल्हं फायबरग्लासचं, दोनशे चाळीस सेंटिमीटर. खुर्ची उंच असल्यामुळे त्याहून आखूड वल्हं पाण्यापर्यंत नीट पोचत नाही. पैसे वाचवायचे असतील तर कायाकमध्ये वाचवा, वल्ह्यात नको. दिवसातून काही हजार वेळा तेच उचलायचं असतं.

रॉड दोन, दोन्ही स्पिनिंगचे. एक सात फुटी, मध्यम ताकदीचा आणि टोकाला लवकर वाकणारा, त्यावर अडीच हजार मापाची रील. विणलेल्या धाग्याची ब्रेड लाइन दहा पौंडी, पुढे आठ पौंडी फ्लुरोकार्बनचा वावभर लीडर, म्हणजे आमिषाजवळचा पारदर्शक तुकडा. दुसरा साडेसहा फुटी, पाण्यावरच्या आमिषांसाठी. आमिषांचा एकच चपटा डबा. तीन इंची शेपटी हलवणारे रबरी मासे, ट्यूब म्हणजे हिरवट-तपकिरी पोकळ रबरी नळ्या, पाण्यावर आवाज करणारे दोन पॉपर, पात्याने पाणी घुसळत येणारा एक बझबेट आणि नेड रिगची डोकी. नेड रिग म्हणजे मशरूमसारखं चपटं शिशाचं डोकं, औंसाच्या दहाव्या भागाएवढं, आणि त्यावर जेमतेम पावणेतीन इंचांचा रबरी तुकडा. दिसायला अगदीच साधं. आम्ही ज्याच्यासाठी निघालो होतो त्या नदीतल्या स्मॉलमाउथ बासला जगातलं बाकी सगळं सोडून हेच द्यायला माझी हरकत नाही.

झोपण्याआधी लुरे गावाजवळच्या, नदीचं पाणी मोजणाऱ्या गेजवरचा आकडा बघितला. चार दिवस पाऊस नव्हता, रेषा सपाट होती. लायसन्स दोघांच्या फोनमध्ये होती.

दिवस पहिला : बिक्सलर्स ब्रिज ते फॉस्टर्स लँडिंग

लुरे गावाजवळ नदीवर जलविद्युतचं जुनं धरण आहे. आम्ही मुद्दाम त्याच्या खालून, बिक्सलर्स ब्रिजपासून सुरुवात केली. धरण बुटकं असलं की लोकांना ते निरुपद्रवी वाटतं, आणि तिथेच घात होतो. भिंतीवरून पडणारं पाणी खाली उलटं फिरतं, त्यात सापडलेली वस्तू पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढली जाते. चांगला पोहणाराही त्यातून सुटत नाही. नकाशावर धरण दिसलं की तिथे पाण्यातून बाहेर यायचं. ह्याबाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

सात वाजता पाण्यावर धुकं इतकं दाट होतं की दादाची कायाक वीस हातांवर नाहीशी होत होती. फक्त वल्ह्याचे थेंब ऐकू यायचे. उजवीकडे ब्लू रिजचे डोंगर, डावीकडे मॅसनटन डोंगराची लांबलचक धार, आणि मधून ही नदी उत्तरेकडे वाहत जाते. पुढे फ्रंट रॉयलला शेनान्डोआची दुसरी शाखा नॉर्थ फोर्क तिला मिळते आणि हार्पर्स फेरीला दोघी मिळून पोटोमॅकमध्ये जातात.

धुकं असेपर्यंत पॉपर. काठावरच्या सिकामोरच्या पांढऱ्या खोडांखाली टाकायचा, लाटा पूर्ण विरेपर्यंत हलवायचा नाही, मग एकदाच टिचकी. तिसऱ्या-चौथ्या कास्टला पाणी फुटलं आणि बारा इंची पहिला स्मॉलमाउथ हवेत दोनदा उसळला. मग एक लालसर छातीचा सनफिश, तळहाताएवढा, पण धिटाई मोठ्या माशाची.

नऊच्या सुमाराला ऊन आलं आणि नदीचा तळ दिसू लागला. ह्या नदीत खडकाचे थर आडवे, तिरके, एकामागून एक पसरलेले आहेत. कुणीतरी पायऱ्या घालून त्या अर्ध्या बुडवाव्यात तसे. प्रत्येक थराच्या खालच्या अंगाला कंबरभर खोल खाच असते. वरून पाणी जोरात जातं, खाचेत ते जवळजवळ उभं असतं. स्मॉलमाउथ तिथेच असतो. त्याला धारेत ताकद घालवायची नसते, पण धार जे वाहून आणते ते हवं असतं. म्हणून आमिष थराच्या वरच्या बाजूला टाकायचं आणि दोरी फक्त ताणलेली ठेवून पाण्यालाच ते खाचेत ढकलू द्यायचं. आपण ओढलं की सगळं बिघडतं.

ह्याच पायऱ्यांनी दादाला गाठलं. पायडलची पाती कायाकच्या खाली फूटभर उतरतात. पहिल्या थराला नुसता खरखराट झाला, दुसऱ्याला खाडकन आवाज आला आणि पेडल त्याच्या नडगीवर उलटं आपटलं. पातं वाकलं नव्हतं, नशीब. त्याने अख्खा पायडलचा सांगाडा उपसून मागे बांधला आणि उरलेला दिवस वल्ह्यावर काढला. ते वल्हंही अडीनडीला म्हणून ठेवलेलं, घडीचं आणि आखूड.

उथळ पट्ट्यांत उतरून ओढावं लागत होतं. माझी कायाक एका हाताने मागे येत होती. दादाच्या कायाकला दोघं लागायचो. दुपारी वाळूवर ती उलटी केली तेव्हा तळाला हिरव्या प्लॅस्टिकचे बारीक कुरळे निघाले होते, रंधा मारल्यासारखे. पॉलिथिलीन दणकट असतं, अशा ओरखड्यांनी काही होत नाही. पण दादा बराच वेळ त्यावर बोट फिरवत बसला होता. वस्तू जपणाऱ्या माणसाला ते लागतंच.

दुपारचे तास मंद गेले. पाणी अडुसष्ट अंश फॅरनहाइट, आरशासारखं स्वच्छ, आणि मासे सावलीत. स्टारग्रासचे हिरवे पट्टे धारेत केसांसारखे लवत होते, त्यांवर बारीक पिवळी फुलं. त्या गवताच्या कडेने रबरी मासा ओढून दोघांनी मिळून आठ धरले, सगळे फूटभराच्या आतले. संध्याकाळी फॉस्टर्सला लागलो आणि जवळच्याच कॅम्पग्राउंडवर आडवे झालो.

दिवस दुसरा : डाव्या काठाचं जंगल

सकाळी साडेदहाची गोष्ट. एका मोठ्या खडकामागे पाणी वळून थांबलं होतं, आणि बाजूने चांगली जोरकस धार. दादाला त्या वळणावर सात-आठ कास्ट हव्या होत्या. मी वरच्या काठाला गवतात कायाक घुसवून थांबलो होतो. त्याने अँकर सोडला. दोरी त्याने उजव्या हाताशी, कायाकच्या मध्यावरच्या क्लीटला, म्हणजे दोरी अडकवायच्या खुंटीला, गुंडाळली होती. तळ्यात तो वर्षानुवर्षं असंच करतो आणि तळ्यात त्याने काही बिघडत नाही.

अँकर खडकांच्या फटीत बसला. दोरी ताणली गेली, आणि कायाक धारेला आडवी झाली. मग पुढचं सगळं दोन-तीन सेकंदांत. दोरीने उजवी कड खाली ओढली, वरून येणारं पाणी त्या कडेवर चढलं, आणि जेवढं चढेल तेवढी कड आणखी खाली. मी ओरडलो, "काप, दादा, काप!" त्याने क्लीट सोडवायचा प्रयत्न केला, पण एवढ्या ताणाखाली दोरी सुटत नाही. पाणी त्याच्या मांडीवर आलं होतं. मग त्याचा हात लाइफ जॅकेटवरच्या चाकूकडे गेला. पात्याचा एकच फटका, आणि कायाक बुचासारखी उसळून सरळ झाली, धारेबरोबर खाली गेली आणि शंभर फुटांवर संथ पाण्यात थांबली.

मी त्याच्यापाशी पोचलो तेव्हा तो चाकू उघडाच धरून बसला होता. चेहरा पांढरा. "सुटत नव्हती रे," एवढंच म्हणाला.

तो चाकू निघायच्या आदल्या संध्याकाळी मीच त्याच्या जॅकेटला लावला होता. टोक बोथट, एका हाताने म्यानातून निघणारा. तो डब्यात असता तर? त्या दिवशी मी हा विचार फार वेळ केला.

वाहत्या पाण्यात अँकर टाकायचाच असेल तर दोरी फक्त कायाकच्या मागच्या टोकाला, आणि एका झटक्यात सुटेल अशी. मध्यावर, कडेला कधीच नाही. माझं स्वतःचं मत आणखी कडक आहे. धारेच्या नदीत अँकर नकोच. वेग कमी करायला मागे तळावरून ओढायची साखळीही मी एक हंगाम सायकलच्या ट्यूबमध्ये घालून वापरली आणि ठेवून दिली, कारण तीही फटीत अडकते. थांबायचे दुसरे रस्ते नदीच देते. खडकामागच्या वळत्या पाण्यात कायाकचं नाक घालायचं, ती आपोआप उभी राहते. गवताच्या पट्ट्यावर चढवायची. आणि मांडीपेक्षा कमी पाणी असेल तर दोन्ही पाय एका बाजूला सोडून खुर्चीत आडवं बसायचं, टाचा तळाला टेकवायच्या. पायांसारखा ब्रेक नाही. म्हणूनच नदीवर सँडल नको, पुढून बंद आणि घट्ट बूट हवेत.

तासभर आम्ही काठावर बसलो. एक निळा बगळा समोरच्या उथळ पाण्यात एक पाऊल टाकायचा, थांबायचा, दुसरं टाकायचा. मग दादा स्वतःच उठला. राहिलेली दोरी गुंडाळली आणि सामानाच्या तळाशी टाकून दिली.

दुपारनंतर आम्ही पाय सोडून मासे धरले. फरक लगेच दिसला. आधी आम्ही जागांवरून वाहत जात होतो, आता एकेका खाचेशी दहा-दहा मिनिटं उभे होतो. दादाला नेड रिगवर पाठोपाठ पाच मासे लागले, त्यातला एक सतरा इंची. तो हसला तेव्हा मला हायसं वाटलं.

संध्याकाळी साडेसहाला, ऊन मॅसनटनच्या मागे गेल्यावर, एका लांब डोहाच्या शेपटाशी आलो. डोहाचं पाणी उथळ होऊन पुढच्या खळाळात पडण्याआधी जिथे गुळगुळीत काचेसारखं होतं, तिथे कातरवेळी मोठे मासे लहान मासे गाठायला येतात. मी बझबेट पलीकडच्या काठापर्यंत टाकला आणि एकसारख्या गतीने ओढत आणला. अर्ध्या वाटेवर त्याच्यामागे पाण्याला एक फुगवटा आला. हात थांबवायचा मोह होतो, थांबवायचा नाही. फुगवटा जवळ आला, आणि आमिष नुसतं नाहीसं झालं. उडी नाही, आवाज नाही, जणू कुणी खालून भोक पाडलं.

त्याने कायाक अर्धी वळवली. दोनदा खळाळाकडे धावला, रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटताना ताण देणारा ब्रेक, कुरकुरला. मी पाय तळाला रोवून उभाच राहिलो आणि रॉड खालच्या बाजूला आडवा धरला, म्हणजे उडी मारायला त्याला वाव मिळत नाही. रबरी जाळीत आला तेव्हा मी जाळी पाण्यातच ठेवली.

माझे हात ओले करून मी त्याला पोटाखालून आधार दिला. पाठ गडद कांस्यासारखी, बाजूंवर उभे तुटक पट्टे, गालावर डोळ्यापासून मागे पसरलेल्या तीन रेघा. आणि डोळा लाल. जबड्याचा कोपरा डोळ्याच्या मागे जात नव्हता, लार्जमाउथपासून हा ओळखायची ही खूण. खालच्या ओठावर गळाची जुनी जखम भरून आली होती, म्हणजे आणखी कुणीतरी त्याला एकदा सोडलेलं होतं. पट्टीवर सव्वाएकोणीस इंच. व्हर्जिनियात वीस इंचाला राज्याकडून प्रशस्तिपत्र मिळतं. पाऊण इंच कमी, आणि मला त्याची जराही रुखरुख नव्हती. नद्यांत हा मासा सावकाश वाढतो, एवढा व्हायला त्याला दशकभर तरी लागलं असणार. गळाची आकडी मी आधीच पक्कडीने चेपलेली होती, त्यामुळे तो क्षणात निघाला. धारेकडे तोंड करून धरला. कल्ले दोन-तीनदा उघडले, मग शेपटीचा एक जोरदार फटका, आणि माझ्या तोंडावर पाणी.

रात्री डाव्या काठाला, जॉर्ज वॉशिंग्टन नॅशनल फॉरेस्टच्या हद्दीत तंबू टाकले. दादाने विचारलं, "हा मासा इथलाच ना?" नाही. स्मॉलमाउथ मूळचा ग्रेट लेक्सचा आणि पर्वतापलीकडच्या ओहायोच्या बाजूच्या नद्यांचा. बॉल्टिमोर अँड ओहायो रेल्वे १८५३ मध्ये ओहायो नदीकाठच्या व्हीलिंगपर्यंत पोचली. पुढच्याच वर्षी तिथल्या ओढ्यातले थोडे मासे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून कम्बरलंडला आणून पोटोमॅकच्या खोऱ्यात सोडले गेले. वाफेवर चालणाऱ्या गाडीने डोंगर ओलांडून आलेल्या त्या मूठभर माशांनी हे खोरं आपलंसं केलं.

आणि त्यांनी इथे बरंच सोसलं. वेन्सबरोच्या एका कारखान्यातून १९२९ ते १९५० ह्या काळात पारा नदीत गेला, तो अजून तळात आहे. म्हणून इथले मासे किती खावेत ह्यावर अधिकृत मर्यादा घातलेली आहे. मी तर एकही खात नाही. पुढे २००४ मध्ये नॉर्थ फोर्कवर आणि २००५ मध्ये ह्या साउथ फोर्कवर वसंतात मोठे स्मॉलमाउथ अंगावर जखमा घेऊन मोठ्या संख्येने मेले. बोट ठेवता येईल असं एकच कारण सापडलं नाही. आज हातात आलेला मासा त्या वाचलेल्यांच्या वंशातला. म्हणून मे महिन्यात, नर मासा उथळ खड्ड्यातल्या अंड्यांवर पहारा देत असतो तेव्हा, तो दिसला तरी मी तिथे गळ टाकत नाही. त्याला बाजूला काढला की दोन मिनिटांत सनफिश अंडी फस्त करतात.

दादा ऐकत होता की झोपला होता, अंधारात कळलं नाही.

दिवस तिसरा : कॉम्प्टन रॅपिड आणि बेंटनव्हिल

सकाळी थंडी वाजली. पाणी पासष्ट अंशांवर उतरलं होतं, आणि मासे एका रात्रीत डोहांच्या खोल बाजूला सरकले होते. पॉपरला कुणी विचारलं नाही. ट्यूब तळाला टेकवून इंच इंच सरकवल्यावर चार मिळाले. त्यातल्या एकाच्या घशात क्रॉफिशच्या नांग्या दिसत होत्या. नदीतला हा झिंग्याचा भाऊबंद म्हणजे स्मॉलमाउथचं आवडतं अन्न, आणि ट्यूब त्याचीच नक्कल.

कॉम्प्टन रॅपिड हा खळाळ अवघडपणाच्या दुसऱ्या श्रेणीचा. तज्ज्ञांना तो किरकोळ वाटेल. सामानाने लादलेल्या कायाकला नाही. आवाज आल्याबरोबर काठाला लागलो, चालत जाऊन वाट बघून घेतली. मग रॉड होल्डरमधून काढून डेकवर आडवे, टोकं पुढे, रुंद पट्ट्यांनी बांधले. होल्डरमधला उभा रॉड फांदीला अडकला की आधी रॉड जातो, मग तोल. लोंबणारं काही ठेवलं नाही. लाइफ जॅकेटचे पट्टे पुन्हा ओढले.

मी आधी गेलो. पाण्याची जीभ जिथे आत शिरते तिथे नाक धरायचं आणि वल्हं मारत राहायचं, कारण पाण्यापेक्षा वेगात असलेली कायाकच वळवता येते. तीन लाटा, तिसरी मांडीवर, आणि संपलं. खाली वळत्या पाण्यात थांबून मागे बघितलं. दादा त्याच आखूड वल्ह्याने, दात आवळून, सरळ रेषेत आला. ती रुंद जड कायाक लाटांवर दगडासारखी स्थिर होती. तिचाही एक गुण दिसला आणि मी त्याला तसं सांगितलं.

बेंटनव्हिलचा पूल बुटका आहे, पाण्यालगतच. त्याच्या खालून जायचा विचारही करायचा नाही. वरच्या अंगालाच बाहेर आलो. गाडी यायला अर्धा तास होता. दादाने सामानातून स्क्रूड्रायव्हर काढला, कायाकच्या मध्यावर गुडघे टेकले आणि क्लीटचे दोन्ही स्क्रू काढले. कापलेल्या दोरीचं टोक अजून त्यातच आवळलेलं होतं. मग त्याने खिशातून सीलंटची नळी काढून दोन्ही भोकं बुजवली आणि बोटाने वरून सपाट केली.

मी पुलावर जाऊन खाली बघत होतो. खांबाच्या सावलीत, पाणी जिथे फाटतं त्याच्या जरासं मागे, एक तपकिरी आकृती धारेकडे तोंड करून उभी होती. "दादा, इकडे ये," मी हळूच म्हटलं. तो हात पुसत आला. रॉड दोघांचेही बांधलेले होते. आम्ही कठड्याशी उभे राहून गाडीचा हॉर्न येईपर्यंत त्याला बघत राहिलो.